काळी, पांढरी आणि मार्चअखेर

मराठी मुलखातील गावाचे जुने वर्णन दोन रंगांत होत असे : जिच्यात पीक निघते ती जमीन म्हणजे ‘काळी’ आणि जिच्यावर घरे उभी राहतात ती गावठाणाची जागा म्हणजे ‘पांढरी’. हे वर्णन केवळ मातीचे नव्हते, कारण राज्यकर्त्याचा हात प्रजेच्या मिळकतीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो हेही त्यातून ठरत असे. काळीतून शेतसारा निघे, तर पांढरीवर राहून विणकाम, तेलघाणी, सोनारकाम, दुकानदारी किंवा सावकारी करणाऱ्याकडून वेगळा कर घेतला जाई, आणि नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात त्या कराला पांढरी हेच नाव पडले होते. आज चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत किराणा दुकानदार, भातगिरणीवाला, तेंदूपत्त्याचा ठेकेदार, कोळसा खाणीतील कामगार आणि आश्रमशाळेतील शिक्षक हे सारे फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या हिशोबात गुंतलेले असतात, त्या हिशोबाची मुळे या दोन रंगांपर्यंत जातात. मात्र या मुलखात तिसराही एक रंग होता, तो रानाचा, आणि करव्यवस्थेला तो काळीत धरावा की पांढरीत, हे बराच काळ उमगले नाही.

१७५१ मध्ये चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राज्य रघुजी भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि नागपूर राज्याची महसुली रीत वैनगंगेच्या खोऱ्यात रुजली. पांढरी कराची आकारणी मोजमापावर नव्हे तर ऐपतीच्या अंदाजावर होत असे. कोष्ट्याचा माग, तेल्याचा घाणा, कोमट्याचे दुकान यांकडे पाहून माणसाला काय झेपेल ते ठरवले जाई, आणि वही दाखवा असे कोणी म्हणत नसे, कारण दाखवण्याजोगी वही फार थोड्यांकडे होती. चांदा, आरमोरी, नागभीड, सावली, चिमूर या गावांत कापड आणि कोसा विणणाऱ्यांची मोठी वस्ती असल्याने हा कर येथे अगदीच नाममात्र नव्हता. १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, तरी इंग्रजांनी हा कर मोडला नाही, उलट १८६७ च्या १४ व्या कायद्याने त्याला नियमांची चौकट दिली. देशभर आयकर कधी लागू होत होता, कधी मागे घेतला जात होता. त्या धरसोडीच्या काळात मध्य प्रांताच्या मराठी भागात मात्र बिगरशेती मिळकतीवरचा एक देशी कर चालूच होता. भारतातील आयकर १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी आणला असे पाठ्यपुस्तके सांगतात, आणि कायद्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. पण चांद्याच्या कोष्ट्याला किंवा कोमट्याला ‘धंद्यावर कर’ ही कल्पना विल्सनसाहेबाने शिकवली असे म्हणणे धाडसाचे होईल.

काळीची व्यवस्था वेगळी होती. १८६० च्या दशकात मध्य प्रांतात जमीन-महसुलाचा जो बंदोबस्त झाला, त्याने गावाचा सारा वसूल करणाऱ्या पाटलाला गावाचे मालकी हक्क दिले आणि तो ‘मालगुजार’ झाला. चांदा जिल्ह्याच्या या बंदोबस्ताचा लुसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा आहे. पूर्वेकडच्या घनदाट पट्ट्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या बऱ्याच भागात, अहेरीसारख्या जमीनदाऱ्या होत्या आणि त्या सरकारला ‘टाकोळी’ नावाची ठोक खंडणी देत, जी पिकाच्या किंवा जंगलाच्या उत्पन्नाशी फारशी जुळवलेली नसे. त्यामुळे जमीनदाराच्या रानातून निघणारे सागवान, बांबू, लाख, मोहफुले आणि पुढे तेंदूची पाने यांचे उत्पन्न कोणत्या खात्यात धरायचे, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडलाच नाही. तो पडला तेव्हा त्याचे उत्तर लंडनपर्यंत जाऊन आणावे लागले. त्याचा तपशील पुढे येईल.

त्याआधी वर्षाचा विचार केला पाहिजे, कारण वर्षअखेरीचा हिशोब म्हणजे आधी वर्ष कोणते हे ठरवणे. मराठेशाहीच्या कागदांत वापरला जाणारा शुहूर सन मृग नक्षत्रावर, म्हणजे जूनच्या आरंभी बदलत असे आणि म्हणूनच त्याला ‘मृगसाल’ म्हणत. नांगर जमिनीत जाण्याच्या वेळी सरकारचे वर्ष सुरू होई, हे शेतकऱ्याच्या सोयीचे होते. व्यापाऱ्यांचे वर्ष मात्र दिवाळीला संपे. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होऊन कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून नवी रोजकीर्द आणि नवी खतावणी उघडली जाई. रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमा-नावेची नोंद आणि खतावणी म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या व सावकाराच्या नावाने काढलेले वेगवेगळे खाते. या दोन्हींची शिल्लक जुळवून दिवाणजी, म्हणजे विदर्भातील पेढीचा मुनीम, नफा काढी. इंग्रज सरकारचे आर्थिक वर्ष १८६६ पर्यंत १ मे ते ३० एप्रिल असे होते आणि १८६७ पासून ते १ एप्रिल ते ३१ मार्च असे झाले. त्या बदलामुळे १८६६-६७ हे सरकारी वर्ष अकरा महिन्यांचेच भरले. ज्या वर्षी पांढरी कराचा कायदा झाला त्याच वर्षी मार्चअखेरही या देशात आली, हा योगायोग असला तरी नोंद घेण्याजोगा आहे.

वर्धा नदीच्या पलीकडे तर काळच वेगळा होता. राजुरा तालुका निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता, तेथे सरकारी फसली सन ऑक्टोबरच्या आरंभी बदलत असे, आणि आयकर नावाची गोष्ट तेथे फार उशिरा आली. हैदराबाद संस्थानचा आयकर कायदा १३५७ फसलीचा, म्हणजे १९४७-४८ चा आहे. बल्लारपूर किंवा चांद्याच्या पेढीला १८८६ पासून अखंड आयकर होता आणि नदीच्या पलीकडच्या काठावर त्याच बाजारपेठेशी व्यवहार करणाऱ्या दुकानदाराला सहा दशके तो नव्हता. भारतीय आयकर कायदा हैदराबादला १ एप्रिल १९५० पासून लागू झाला आणि राजुरा प्रथम १९५६ मध्ये मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात व नंतर १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. एकाच नदीच्या दोन काठांवर दोन पंचांगे आणि दोन करव्यवस्था असताना व्यापारी आपला माल व आपला नफा कोणत्या काठावर दाखवत असतील, याची कल्पना वाचकाला करता येईल.

१८८६ च्या कायद्याने आयकर कायमचा झाला आणि त्याने एक गोष्ट अशी ठरवली की जिच्यावर या जिल्ह्यांतील करनियोजनाची सारी इमारत आजही उभी आहे : शेतीचे उत्पन्न करातून वगळण्यात आले. १८६० च्या कायद्यात शेतीला ही सूट नव्हती. पण जमिनीवर आधीच सारा आहे, त्यावर पुन्हा आयकर म्हणजे दुहेरी आकारणी, हा युक्तिवाद १८८६ मध्ये मान्य झाला. काळी आणि पांढरी यांमधली जुनी रेघ अशा रीतीने आधुनिक कायद्यात शिरली. पाचशे रुपयांच्या वरच्या वार्षिक उत्पन्नावर कर होता, ही मर्यादा १९०३ मध्ये हजार झाली; आकारणी करणारा अधिकारी जिल्ह्याचा कलेक्टर होता आणि प्रत्यक्ष काम महसुली नोकर करत, त्यामुळे सारा ठरवणारी नजरच नफाही ठरवत असे. आयुर्विम्याच्या हप्त्याला उत्पन्नाच्या एक षष्ठांशापर्यंत सूट याच कायद्यात होती, म्हणजे मार्चमध्ये विमा एजंटाने दार ठोठावण्याची परंपरा वाटते त्यापेक्षा जुनी आहे. लहान धंदेवाल्यांसाठी चालू राहिलेला पांढरी कर मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी रद्द झाला.

१९२२ च्या कायद्याने ‘मागील वर्ष’ ही संज्ञा रूढ केली. तिचा अर्थ असा की ज्या वर्षी कर आकारायचा त्याच्या आधी संपलेल्या वर्षाचे उत्पन्न धरायचे, आणि ते आधीचे वर्ष ३१ मार्चलाच संपले पाहिजे अशी सक्ती नव्हती; करदात्याच्या वह्या ज्या दिवशी बंद होत तो दिवस सरकार मानत असे. त्यामुळे चांद्यातील मारवाडी, गुजराती आणि कोमटी पेढ्यांचे दिवाळीचे वर्ष कायद्याने जसेच्या तसे उचलले. या सवलतीत नियोजनाला भरपूर वाव होता. दिवाळीला नफा मोजला की त्यावरची आकारणी पुढच्या एप्रिलनंतरच्या वर्षात होई, म्हणजे कराची रक्कम अनेक महिने धंद्यात फिरत राही. शिवाय एकच कुटुंब दुकानाची वही दिवाळीला, भागीदारीतील लाकडाची वही मार्चला आणि तिसऱ्या एखाद्या धंद्याची वही रामनवमीला बंद करू शकत असे. १९४४ मध्ये आगाऊ कराची पद्धत आली, म्हणजे उत्पन्न मिळत असतानाच अंदाजाने कर भरत जाण्याची, आणि ही मोकळीक काहीशी आक्रसली, पण संपली नाही.

आता रानाकडे वळता येईल. उन्हाळ्याच्या तोंडाशी तेंदूच्या झुडपांना नवी पालवी फुटते आणि मे महिन्यात तिची तोडणी होते. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी हे महाराष्ट्रातील माप आहे, आणि गावाजवळच्या ज्या मोकळ्या जागेवर पुडे मोजून वाळवले जातात तिला ‘फड’ म्हणतात. विडीचा धंदा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य प्रांतात वाढला, तसे विडी कारखानदार सरकारकडून आणि जमीनदारांकडून पाने तोडण्याचा हक्क अल्प मुदतीच्या करारांनी विकत घेऊ लागले. आयकराच्या हिशोबात यातून एक साधा दिसणारा पण महागडा प्रश्न निघाला. या करारांपोटी दिलेली रक्कम ही कच्च्या मालाची किंमत मानायची, की जमिनीतील एखादा हक्क संपादन करण्यासाठी घातलेले भांडवल मानायचे? पहिले मानले तर ती नफ्यातून वजा होते, दुसरे मानले तर होत नाही आणि कारखानदाराला पानांच्या किमतीवरही कर पडतो.

जबलपूरच्या मोहनलाल हरगोविंद या विडी कारखानदार पेढीचे प्रकरण याच मुद्द्यावर उभे राहिले. आयकर खात्याने ही रक्कम भांडवली ठरवली, नागपूरच्या उच्च न्यायालयात निकाल पेढीच्या विरुद्ध गेला, आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. १९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. न्यायाधीशांचा विचार सरळ होता : पेढीला ना जमीन मिळाली, ना झाडे मिळाली, तिला मिळाली ती केवळ पाने तोडून नेण्याची परवानगी, आणि ती पाने हा तिच्या कारखान्याचा कच्चा माल असल्याने त्यासाठी दिलेला पैसा आणि गोदामातून तयार पाने विकत घेताना दिलेला पैसा यांत फरक करण्याचे कारण नाही. भारतातील अपिले ऐकण्याचा प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संपला, तेव्हा तिच्या अखेरच्या भारतीय आयकर निर्णयांपैकी एक मध्य प्रांताच्या तेंदूपानाविषयी आहे. आजही महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतील सीमारेषा शिकवताना कर सल्लागारांच्या ग्रंथांत हे नाव येते. ते नाव घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तेंदूचे झुडूप पाहिले असेल, हा भाग वेगळा.

जमीनदाराच्या बाजूनेही प्रश्न होताच. रानात आपोआप उगवलेल्या झाडांचे उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त धरता येईल काय? राजा मुस्तफा अली खान यांच्या प्रकरणात १९४८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने आणि राजा बिनय कुमार सहस राय यांच्या प्रकरणात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे तत्त्व मांडले त्याचे सार असे की जमिनीवर नांगरणी, पेरणी, लावणी यांसारखी मूळ मशागत केल्याशिवाय उत्पन्न शेतीचे होत नाही. केवळ राखण, छाटणी आणि तोडणी पुरेशी नाही. चांद्याच्या पूर्व पट्ट्यात याचा परिणाम असा की एकाच मालकाच्या बांधीतील, म्हणजे भातखाचरातील, धान करमुक्त राहिले आणि बांधीलगतच्या रानातील सागवान करपात्र ठरले. गोंड किंवा माडिया कुटुंबाच्या दृष्टीने शेत आणि रान ही एकाच उपजीविकेची दोन अंगे असतात, पण कायद्याच्या दृष्टीने रानाला काळीचा दर्जा मिळाला नाही. ते पांढरीच्या बाजूला, म्हणजे धंद्याच्या बाजूला ढकलले गेले.

जमीनदारी आणि मालगुजारी संपली ती तारीखही मार्चअखेरच होती. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याच्या १९५० च्या कायद्यानुसार ३१ मार्च १९५१ रोजी मालकी हक्क शासनाकडे गेले. ज्या व्यापाऱ्यांनी त्या तारखेपूर्वी जमीनदारांशी तेंदू, लाख आणि लाकूड यांचे करार करून पैसे मोजले होते, त्यांच्यापुढे आता रान कोणाचे हा पेच उभा राहिला. छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये छापून आलेल्या निर्णयात अशा करारांना संरक्षण दिले, पण १९५९ मध्ये महादेव विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात त्याच न्यायालयाने तसे हक्क जमिनीतील मालकी हक्काचाच भाग मानून ते शासनाकडे गेल्याचे ठरवले. करारांची शब्दरचना आणि कायद्यांचे हेतू वेगळे होते हे मान्य करूनही एक विसंगती उरते : आयकरासाठी तेंदूचे पान हा केवळ माल होता आणि दहा वर्षांनी, मालकी हक्क घेताना, ते पान तोडण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला निघाला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी तर्कशुद्ध आहेत. व्यापाऱ्याला मात्र दोन्हींचा हिशोब एकाच वहीत करावा लागला.

महाराष्ट्राने १९६९ च्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने तेंदूच्या व्यापाराची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. जंगलाचे ‘युनिट’ पाडून त्यांचा लिलाव होऊ लागला आणि ठेकेदार सरकारचा खरेदीदार बनला. अशा लिलावात माल घेणारे पुष्कळ जण हंगाम संपताच दिसेनासे होतात आणि त्यांच्याकडून कर वसूल होत नाही, अशी आयकर खात्याची तक्रार होती, आणि तिच्यातून १९८८ मध्ये दोन तरतुदी आल्या. पहिली स्रोतावर करसंकलनाची, म्हणजे विकणाऱ्यानेच किमतीसोबत खरेदीदाराचा आयकर आगाऊ गोळा करून सरकारात भरण्याची. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २०६सी नुसार १ जून १९८८ पासून मद्य, लाकूड आणि इतर वनोपज यांवर ती लागू झाली. दुसरी, कलम ४४एसी, खरेदीच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा झालाच असे गृहीत धरणारी होती. ती न्यायालयांत वादग्रस्त ठरली आणि १९९३ पासून काढून टाकण्यात आली. पहिली टिकली, आणि पुढे कित्येक वर्षे तेंदूसाठी तिचा दर ५ टक्के राहिला. साऱ्या देशात करसंकलनाची पहिली यादी ज्या मोजक्या मालांची होती त्यांत दारू आणि जंगल शेजारी शेजारी होते, यावरून दिल्लीच्या दृष्टीत वनजिल्ह्यांच्या व्यापाराची प्रतिमा काय होती ते समजते.

तेंदूच्या व्यापाऱ्याची मार्चअखेर म्हणूनच इतरांपेक्षा निराळी असते. त्याच्या गोदामात ३१ मार्चला गेल्या मे महिन्यातील पाने असतात, जी ठेवणीत ओल, कीड आणि रंग यांमुळे घसरत जातात, आणि त्यांचे मूल्य खरेदीच्या किमतीने धरायचे की घसरलेल्या बाजारभावाने, यावर वर्षाचा नफा ठरतो; दुसरीकडे येत्या मेच्या हंगामासाठी आधीच भरलेली रक्कम चालू वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, कारण त्या पानांची पालवीही तोवर फुटायची असते. मागील हंगामात त्याच्याकडून गोळा झालेला कर त्याच्या खात्यावर जमा दिसतो की नाही, हेही याच दिवसांत तपासावे लागते. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तेंदूपानावर १८ टक्के दर लागला आणि तो पुढे २०२५ मध्ये ५ टक्के झाला.

दरम्यान विक्रेताही बदलला. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि २०१४ चे राज्याचे पेसा नियम यांमुळे गडचिरोलीतील ग्रामसभा स्वतः तेंदू आणि बांबू विकू लागल्या. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या करव्यवस्थेने केवळ मजूर म्हणून पाहिले, त्याच्या ग्रामसभेला आता बँक खाते, पॅन क्रमांक, पावती पुस्तक आणि ताळेबंद सांभाळावा लागतो. स्वशासनाच्या चर्चेत या कारकुनी ओझ्याकडे फार कमी लक्ष गेले आहे आणि ते जावयास हवे. ईशान्येकडील राज्यांत व लडाखमध्ये तेथील अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना तेथे मिळणाऱ्या उत्पन्नावर १९६१ च्या कायद्याच्या कलम १०(२६) पासून चालत आलेली आयकराची सूट आहे. पाचव्या अनुसूचीतील गडचिरोलीच्या आदिवासी शिक्षकाला किंवा दुकानदाराला ती नाही.

व्यापाऱ्यांचे दिवाळीचे वर्ष अखेर १९८७ च्या दुरुस्ती कायद्याने गेले. आकारणी वर्ष १९८९-९० पासून सर्वांचे हिशोबी वर्ष ३१ मार्चलाच संपले पाहिजे असे ठरले, आणि संक्रमणासाठी ज्यांच्या वह्या १९८७ च्या दिवाळीला बंद झाल्या होत्या त्यांचे पुढचे करवर्ष त्या दिवाळीपासून ३१ मार्च १९८९ पर्यंत, म्हणजे सतरा महिन्यांहून अधिक लांबीचे झाले. या लांबलेल्या वर्षामुळे कर फुगू नये म्हणून कायद्याला स्वतंत्र अनुसूची जोडावी लागली. दिवाळीचे वहीपूजन त्यानंतरही थांबले नाही, चंद्रपूरच्या बाजारपेठेत आजही लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या पुजल्या जातात. पण ती वही आता लक्ष्मीची आहे, आयकराची नव्हे.

धानपट्ट्यात ही तारीख विशेष अडचणीची ठरते. ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या भागात धान डिसेंबरच्या सुमारास घरी येते, आदिवासी विकास महामंडळाची खरेदी त्यापुढे काही महिने चालते आणि भरडाई, म्हणजे सरकारी धानाचा तांदूळ करून देण्याचे काम, मार्चच्या पुढेही रेंगाळते, त्यामुळे गिरणीवाल्याचे काम एका वर्षात आणि पैसा दुसऱ्या वर्षात पडतो. पूर्वी काही बाबी रोखीने आणि काही उधारीने धरण्याची संमिश्र पद्धत चालत असे. आकारणी वर्ष १९९७-९८ पासून ती बंद झाली आणि एकच पद्धत धरणे भाग पडले. त्यात २०२३-२४ पासून अशी तरतूद आली की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे करारानुसार फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकते केले नाही तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, आणि मार्च २०२४ मध्ये कधी नव्हे ते मोठे खरेदीदार लहान पुरवठादारांची बिले आपणहून शोधू लागले.

अगदी लहान दुकानदारासाठी मात्र कायदा पुन्हा जुन्या वाटेवर आला आहे. १९६१ च्या कायद्याच्या कलम ४४एडी पासून चालत आलेल्या तरतुदीनुसार मर्यादेच्या आतील उलाढालीवर ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा गृहीत धरून कर भरता येतो. वह्या ठेवण्याची सक्ती नाही आणि सारा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरायचा असतो. अडत्यांना, म्हणजे दलालीवर चालणाऱ्यांना, ही सवलत नाही. टक्क्यांची भाषा नवी असली तरी धंद्याकडे पाहून ठोक अंदाज बांधण्याची ही रीत पांढरी कराची सख्खी वारस आहे, आणि गावखेड्यात ती चालते याचे कारणही तेच आहे : वही ठेवण्याचा खर्च कधी कधी करापेक्षा जास्त पडतो. पांढरीचा दुसरा वारस म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७५ पासून, रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी, लागू झाला; पगारदाराकडून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी वर्षाची २,५०० रुपयांची कपात होते, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने १९८८ च्या दुरुस्तीनंतर हीच कमाल मर्यादा ठेवली आहे.

पगारदारांची मार्चअखेर ही औद्योगिक चंद्रपूरची देणगी आहे. कोळसा खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी, औष्णिक वीज केंद्र आणि भद्रावतीची आयुध निर्माणी यांतील कामगारांना फेब्रुवारीचा पगार उरलेला आयकर कापून हाती येई, आणि ती कपात टाळण्यासाठी जानेवारीपासून राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे, विम्याच्या पावत्या आणि १९६८ पासून सुरू झालेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी यांची धावपळ चाले. वजावटीची मर्यादा २०१४ मध्ये दीड लाखांवर जाऊन तेथेच थांबली. २०२० मध्ये वजावटींशिवाय कमी दराची नवी पद्धत आली आणि २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होणारी पद्धत झाली. बचत करण्याची सवय ज्या सवलतीने दोन पिढ्यांना लावली, ती मागे पडताना बचतीला उत्तेजन देणारे दुसरे काही दिले गेले नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

३१ मार्च ही तारीख भारतीय ऋतुमानाला सोयीची नाही, हे सरकारनेही अनेकदा ऐकले आहे. एल. के. झा समितीने १९८५ मध्ये पावसाळ्याचा अंदाज हाती आल्यावर अर्थसंकल्प व्हावा म्हणून जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष सुचवले, ते स्वीकारले गेले नाही. २०१६ मध्ये शंकर आचार्य यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा समिती नेमली गेली आणि वर्ष तेच राहिले. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असून त्याने ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ या दोन्ही संज्ञा काढून ‘करवर्ष’ ही एकच संज्ञा आणली आहे. ते करवर्षही १ एप्रिललाच सुरू होते. काळीचे महसुली वर्ष मात्र महाराष्ट्रात आजही १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते.